कोरा बोर्ड

सर हयात आहेत. गडचिरोलीतच राहतात, बस स्टँडपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. तरीही मी त्यांच्याबद्दल भूतकाळातच लिहिणार आहे, कारण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते सर आता त्या घरात राहत नाहीत. त्यांच्या खुर्चीत, त्यांचाच चष्मा लावून दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं.

मी तंत्रनिकेतनात भांडार सांभाळते. सामान आलं की मोजायचं, रॅकवर लावायचं, लागेल तसं द्यायचं आणि परत घ्यायचं. सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. आमची गाठ रोज पडायची आणि रोज वाद व्हायचा, कारण सामान मागताना सर चिठ्ठी देत नसत. खिडकीत उभे राहून म्हणायचे, "बाई, लाल दिवे द्या मूठभर."

"मूठभर हे माप नाही, सर."

"तुमच्या मुठीनं द्या. तुमची मूठ लहान हाय, सरकारचं नुकसान होनार नाई."

लाल दिवे म्हणजे एलईडी. इन्व्हर्टरवर, टीव्हीवर लागतो तो वाटाण्याएवढा ठिपका. सरांनी उभ्या नोकरीत खरं म्हणजे एकच गोष्ट जीव लावून शिकवली: आयसीच्या पायावर हा दिवा कसा लावायचा. आयसी म्हणजे गोमीसारखी दोन्ही बाजूंनी पाय फुटलेली काळी चिप. बाकीचा अभ्यासक्रम ते उरकायचे. दिव्याला मात्र महिना घालवायचे.

पोरांना वाटे, यात काय आहे? चिपच्या पायातून वीज बाहेर येते, तिथे दिवा जोडायचा, पेटतो. सर तो काढायला लावायचे. त्यांची पद्धत उलटी होती. दिव्याचं एक टोक बॅटरीच्या अधिकाकडे, मध्ये वीज आवरणारा एक रेझिस्टर, आणि दुसरं टोक चिपच्या पायात. चिप शून्य म्हणाली की वीज दिव्यातून तिच्यात उतरते आणि दिवा लागतो. चिप एक म्हणाली की दिवा बंद.

"सर, हे उलटं हाय," दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच.

"उलटं तुह्या डोक्यात हाय. ही चिप मोरी हाय बाबू, हापशी नाई. हिच्यात पानी ओत, कितीबी घेते. हिच्याकडून मागशील तर थेंबभर देते आन् दमते."

ते खरंच होतं. आमच्या भांडारातल्या जुन्या पद्धतीच्या चिपा वीज घ्यायला दांडग्या आणि द्यायला अगदी दुबळ्या. त्यांच्या जिवावर लावलेला दिवा लागतो, पण मंद.

तो किती मंद, हे दाखवायची सरांची रीत वेगळी होती. प्रात्यक्षिकाची परीक्षा ते भर दुपारी अंगणात घ्यायचे. एप्रिलमध्ये, गडचिरोलीच्या उन्हात. टेबलं बाहेर काढायला लावायचे. एकदा चंद्रपूरहून आलेले बाहेरचे परीक्षक डोक्यावर रुमाल टाकून बसले आणि म्हणाले, "अहो, आत पंखा आहे ना?"

"आत तर काजवाबी दिसते, साहेब," सर म्हणाले. "दिवा उन्हात दिसला तं दिवा."

परीक्षकांनी त्या दिवशी सगळ्यांना पास केलं आणि सावलीत जाऊन बसले. सरांना ते आवडलं नाही. दोघांना त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात उभं केलं, परीक्षकांशिवाय.

त्यांच्या घराच्या चौकटीवरही एक दिवा होता. सर घरात असले की तो लागलेला. नसले की विझलेला. बेल नव्हतीच. वहिनी म्हणायच्या, "आमच्या घरी मानूस हाय का नाई ते भिंतीले विचारा." मी एकदा विचारलं, सर घरी असताना दिवाच बिघडला तर? आलेला माणूस उगाच परत जाईल.

"जाऊ द्या ना. एक चक्कर फुकट जाईन त्याची. पन दिवा लागला असन तं मी आहोच, हे पक्कं. बाई, लागलेला दिवा बोलते. इझलेला दिवा काईच सांगत नाई. तो बिघडला असन, तार तुटली असन, बॅटरी उतरली असन, नाईतर खरंच कोनी घरी नसन. इझलेल्या दिव्यावर कधी भरवसा ठेवाचा नाई."

अशा माणसाची लोक थट्टा करतात. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचं, "सर, कपात चहा हाय, दिवा लावू का?" सर हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. एखाद्या पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडत असले की माझ्या कानाशी येऊन विचारायचे, "याचं लोड कोन घेऊन राह्यलं, बाई?" पुढेपुढे पोरं तयार बोर्ड विकत आणायला लागली. संगणकावर चार ओळी लिहिल्या की दिवे नाचतात. सरांच्या टेबलाभोवतीची गर्दी ओसरली. ते एकटेच दुपारी अंगणात काहीतरी जोडत बसलेले दिसायचे. मला वाईट वाटायचं, पण माझ्या यादीत त्याला रकाना नव्हता.

अशा दिवसांत गुणवंत आला.

गुणवंत सरांचा जुना विद्यार्थी. शिकून गावी परत गेला होता आणि गावच्या नळयोजनेचा पंप चालवायचा. लग्न झालेलं, घरात तो, बायको आणि त्याची माय शेवंताबाई. गाव सावली तालुक्यातलं, जंगलाला लागून. आमच्याकडे मोहाची फुलं पडायला लागली की बाया पहाटे अंधारात टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. घोळक्याने जात नाहीत, कारण प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. ही या टेकडीकडे, ती त्या नाल्याकडे. वाघाची भीती सगळ्यांना असते, पण मोहाखाली गाठ पडते ती बहुतेक अस्वलाची. त्यालाही तीच फुलं हवी असतात.

"कोन वापस आली आन् कोन राह्यली हेच समजत नाई, सर," गुणवंत म्हणाला. "आदल्या साली एक बाई जखमी पडली, तं लोकाइले वाटलं घरी झोपली हाय."

सर त्या दिवशी माझ्या खिडकीत आले आणि पहिल्यांदाच चिठ्ठी घेऊन आले. मी ती जपून ठेवायला हवी होती असं वाटतं, पण नियमाप्रमाणे वर्षाअखेरीस रद्दीत गेली.

योजना सोपी होती. प्रत्येक घराच्या दाराशी एक बटण. जाताना दाबायचं, आल्यावर पुन्हा दाबायचं. कोण गेली, कोण आली हे लक्षात ठेवायचं काम चिपचं. तारा नळाच्या चरातूनच नेल्या, तेव्हा चर खोदलेलेच होते. ग्रामपंचायतीच्या ओसरीत एक मोठा बोर्ड, त्यावर प्रत्येक घराच्या नावापुढे एक लाल दिवा. बाई घरी असेल तर दिवा लागलेला. जंगलात गेली की विझलेला. ऊन चढलं की गावातल्या जवान पोरांनी बोर्ड बघायचा आणि ज्या नावाचा दिवा विझलेला त्या झाडांकडे काठ्या, डफ घेऊन जायचं. काही बिघडलं तरी दिवा विझेल आणि पोरांची एक खेप फुकट जाईल, एवढंच.

सरांनी तो बोर्ड दोन महिने स्वतःच्या हाताने, कथिलाचे डाग देत, सोल्डर केला. एकेक डाग मोत्यासारखा.

बोर्ड लावला त्या दिवशी मी गेले होते, कारण सामान माझ्या नावावर होतं. ओसरीत सगळे दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सरांनी समजावून सांगितलं, आणि शेवंताबाई उभी राहिली. उंच, सावळी, कमरेला पदर खोचलेला.

"मंजे सर, मी जंगलात निंगाली का माया नावाचा दिवा मीच माया हातानं इझवू?"

"दिवा नाई बाई, एलईडी हाय तो."

"नाव काईबी ठेवा. इझते ना?"

बायका हसल्या. सरही थोडे हसले.

"इझते. पन त्याचा अर्थ तुमी जंगलात आहा, एवढाच."

"अर्थ तुमच्या जवळ ठेवा. जिथी अस्वल हाय तिथी जाताना आपल्या नावाचा दिवा मालवून कोनी जाते का? माया सासूनं जल्मात असं केलं नाई. उलटं करा. गेली का लागू द्या. मी बाहेर आहो तवरी माया दिवा जळत राहू द्या."

"बाई, मंग तो दिवा बिघडला तं लोकाइले वाटन तुमी आल्या."

"बिघडन तवा पाहू. पन मालवून मी जानार नाई."

आणि ती गेली नाही, म्हणजे जंगलात गेली, पण बटण न दाबता. तिच्यामागे सगळ्याच. गुणवंतने दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, बोर्ड सकाळ-संध्याकाळ भरलेला असतो, जणू सगळं गाव घरातच आहे. सर माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आयुष्यभर ज्या गोष्टीचा विचार केला त्यात दिवा मालवणं म्हणजे काय असतं हेच कधी आलं नाही, असं काहीतरी.

"बरोबर हाय त्याइचं," ते म्हणाले. "मायी बायको बी नसती गेली."

उलटं करणं अवघड नव्हतं. या चिपला प्रत्येक दिव्यासाठी दोन पाय असतात. एक जे म्हणतो त्याच्या उलट दुसरा म्हणतो. प्रत्येक दिवा दुसऱ्या पायावर न्यायचा, पण पद्धत तीच ठेवायची. त्यासाठी सगळं सोल्डर काढून पुन्हा करायला हवं होतं. आमच्या परीक्षा चालू होत्या. सरांनी गुणवंतला सांगितलं, परीक्षा संपली की बोर्ड इकडे आण, मी करून देतो.

पण मोह पडायला लागला होता आणि माय रोज पहाटे जात होती. गुणवंत थांबला नाही. त्याने सगळ्यात सोपी वाट काढली. दिवे उलटे फिरवले आणि त्यांची सामायिक तार अधिकावरून काढून उणेला जोडली. एका संध्याकाळचं काम. म्हणजे आता दिव्यांना वीज चिप देणार होती.

त्याचा फोन आला तेव्हा सर माझ्या खिडकीशीच उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "उन्हात पाह्यला का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"उद्या पाहतो म्हनते," सर मला म्हणाले, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी बघण्यासारखं काही उरलंच नाही, कारण बोर्ड छान चालला. बायकांनी पहाटे अंधारात बटणं दाबली, ओसरीत लाल दिवे लागले. ऊन चढलं तेव्हा पोरांनी पाहिलं, बोर्ड कोरा. सगळ्या परत आलेल्या. रोज असंच. पहाटे भरलेला, ऊन चढलं की कोरा, आणि खरोखर सगळ्या घरी आलेल्या असायच्या. त्या ओसरीवर सकाळचं ऊन थेट पडतं. बोर्ड कोरा होतो तो बाया आल्यामुळे की उन्हामुळे, हे कुणाला वेगळं दिसणार होतं?

मग एका सकाळी शेवंताबाई आली नाही.

गुणवंत पंपाची मोटर घेऊन तालुक्याला, सावलीला गेला होता. बायको माहेरी होती. पोरांनी बोर्ड बघितला, कोरा होता, शेवंताबाई घरी पडली असेल असं समजून पोरं पांगली. गुणवंत संध्याकाळी आला. घराला कडी. तो ओसरीकडे आला तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि बोर्डावर एकच दिवा लागलेला होता.

नाल्यापाशी सापडली. अस्वल होतं. तिने पदर फाडून मांडीला घट्ट बांधला होता आणि वाटेच्या दिशेने बरंच अंतर सरपटत आली होती. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत तरी जिवंत असावी.

दुसऱ्या दिवशी मी आणि सर गेलो. ओसरीत माणसं होती, पोलीस होते, वनखात्याचा माणूस होता. गुणवंत खांबाला टेकून बसला होता. सरांनी बोर्डाचं मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं. मी त्यांच्या बाजूलाच होते. त्यांनी झाकण लावलं, स्क्रू पक्के आवळले, आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आतलं एक सोल्डर सुटलं होतं. माया हातचं. दिवसा उन्हानं तार तानली, संध्याकाळी थंडावली आन् टेकली, म्हनून मंग दिवा लागला. चूक मायी हाय. लिहा."

पोलिसाने लिहून घेतलं. कुणीतरी मागून म्हणालं, "सरकारी पगार घेऊन आमच्या बायाइवर प्रयोग करते." एका म्हातारीने मात्र दुसरंच विचारलं. "मालवून गेली असती तं वाचली असती का गा?"

मला वाटतं, त्या ओसरीतल्या प्रत्येक बाईने तो प्रश्न घरी नेला.

बोर्ड जमा झाला तो माझ्याकडेच. सामान वेगळं करून परत रॅकवर लावायचं म्हणून मी झाकण काढलं. मी शिक्षिका नाही, पण इतकी वर्षं सरांच्या शेजारी काढली आहेत. सरांचे मोत्यासारखे डाग एका बाजूला आणि घाईचे ओबडधोबड गोळे दुसऱ्या बाजूला. एकही सुटलेलं नव्हतं. दिवे सगळे उलटे. मी बॅटरी जोडून पेटी खिडकीतल्या उन्हात धरली. काही दिसलं नाही. टेबलाखाली अंधारात धरली तर दिवे होते.

सर आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पेटी बंद करा, बाई."

"सर, सोल्डर तर..."

"बंद करा. गुणवंत शिकलेला हाय, दोन शब्दांत समजन त्याले. मायले मारलं मी, असं घेऊन तो कसा जगन? त्याले पुढं लेकरं होतीन. मले एवढंच विचाराचं होतं फोनवर, उन्हात पाह्यला का. विचारलो. आन् उद्या म्हनला तं सोडून देल्लो. मंग खोटं कुठी बोललो मी?"

मी सगळे दिवे उपटून डब्यात टाकले. चिपा वेगळ्या. तारा वेगळ्या. चिकटपट्टीवर नावं लिहिली.

सरकारी सामान बाहेर वापरल्याबद्दल चौकशी झाली. निकाल सौम्य होता, पण सरांनी त्याची वाटच पाहिली नाही. मुदतीआधी निवृत्ती मागितली. ती चटकन मिळाली. निरोपसमारंभाला यायला ते नाही म्हणाले. त्यांच्या जागी आलेला तरुण चांगला आहे, परीक्षा आत पंख्याखाली घेतो. गावात पुन्हा कुणी बोर्डाचं नाव काढलं नाही. बाया अजूनही पहाटे मोह वेचायला जातात, आता काहीही न दाबता.

मी महिन्यातून एकदा रविवारी सरांकडे जाते. ते काही जोडत नाहीत, वाचत नाहीत. वहिनी म्हणतात, "बोलले तं बरं, नाई बोलले तरी बरं." दर वेळी ते मला एकच विचारतात, गुणवंत भेटला का. भेटत नव्हता. सर म्हणायचे, "रागात असन. राहू द्या रागात. मायावरच राग पायजे त्याचा."

यंदा उन्हाळ्यात गुणवंत आला. गुणपत्रिकेची दुसरी प्रत हवी होती. काम झाल्यावर तो माझ्या खिडकीशी आला. केस पांढरे व्हायला लागलेत. मी म्हटलं, सरांना भेटून जा ना.

"नाई, बाई."

"अजून राग आहे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर खाली केली.

"राग कायचा? सरचं सोल्डर कधी सुटलं हाय का, बाई?"

मी हातातली नोंदवही मिटली.

"त्याइनं झाकन लावलं ना, तवाच समजलो. सुटलेलं काई दाखवलं नाई, सरळ स्क्रू आवळले. मी खांबाजवळूनच पाह्यलो." तो खिडकीच्या गजावर अंगठा घासत राहिला. "मायचा दिवा सकाळपासून जळूनच राह्यला होता. मी शिकलो होतो ते. अंगनात उभा करून शिकवलं होतं मले."

"मग सरांना सांग तरी. त्यांना वाटतं, तू..."

"तेच वाटू द्या. मले खरं माहीत नाई असं वाटते त्याइले, एवढ्याच्यावर जगून राह्यले ते. मी समोर गेलो तं मायं तोंड पाहून त्याइले समजन. म्हनून येत नाई." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "तुमी बी नका सांगू."

पुढच्या रविवारी मी सरांकडे गेले. ते नेहमीच्या खुर्चीत होते. विचारायचं ते त्यांनी विचारलं, आणि या वेळी मला हो म्हणावं लागलं.

"काय म्हने? सोल्डरचं अजून खरं वाटते ना त्याले?"

"वाटतं," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं, सर."

त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि आत वळून वहिनींना चहा ठेवायला सांगितलं.